विषय: कॉम्प्रेसरचे अर्धवट राहिलेले डक्टिंग आणि हवेच्या लाइनमध्ये येणारे पाणी

प्रति,
सेवा विभागप्रमुख

महोदय,

चाकणच्या आमच्या कारखान्यात मार्च महिन्यात तुम्ही दोन जुने कॉम्प्रेसर काढून १६० किलोवॉटचा व्हीएफडी (हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) स्क्रू कॉम्प्रेसर बसवलात. मशीनबद्दल तक्रार नाही. जुनी मशीन अनलोडवर, म्हणजे हवा न देता, नुसती फिरत वीज खायची, ते बंद झाले. तक्रार आहे ती तुम्ही मध्येच सोडून दिलेल्या कामाची.

गरम हवा शेडबाहेर काढायचे डक्टिंग तुमच्याच ऑफरमध्ये होते. कमिशनिंगच्या दिवशी "आठ दिवसांत माणसे पाठवतो" असे सांगून गेलात, ती अजून आलेली नाहीत. फॉस्फेटिंगच्या (रंगापूर्वी पत्र्यावर करायच्या रासायनिक प्रक्रियेच्या) टाकीचे पाणी त्याच उष्णतेवर तापवायचे होते, ती पाइपही जोडलेली नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णताच होते. तिला वाट न मिळाल्याने मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मी स्वतः थर्मामीटर घेऊन उभा होतो: खोलीत ४६ अंश, दाबलेल्या हवेतले पाणी काढणाऱ्या ड्रायरच्या तोंडाशी ५५. तुमच्या कॅटलॉगमध्ये ड्रायरची क्षमता ३५ अंशांवर दिली आहे. ३५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते, ५५ला सुमारे १०४. ड्रायरने एवढे पाणी काढायचे कसे?

पावसाळा लागला आणि व्हायचे तेच झाले. पेंट शॉपमध्ये सकाळच्या पाळीत मुलाने गनचा ट्रिगर दाबला, तर रंगाआधी पाण्याचा फवारा उडाला. पॅनलवर मोहरीएवढे खड्डे. त्या दिवशीचे सगळे पॅनल घासून पुन्हा रंगवावे लागले. घासणाऱ्यांचे हात मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र इतक्या कळकळीने लिहितो आहे.

पाणी निघावे म्हणून आता लाइनवरची माणसे ड्रेन कॉक दिवसभर अर्धे उघडे ठेवतात. त्यातून हवा जाते, हवेवर चालणाऱ्या शेवटच्या सिलिंडरला प्रेशर पुरत नाही. तुमच्या इंजिनीअरने त्यावर काय केले, तर प्रेशर साडेसहावरून साडेसात बार केले! एक बार वाढवला की वीज सहा-सात टक्के जास्त लागते, आणि उघड्या कॉकमधून गळतीही वाढते. ज्या बचतीसाठी हे मशीन घेतले, ती अशी वाहून चालली आहे.

येत्या दहा दिवसांत डक्टिंग आणि टाकीची पाइप पूर्ण करा. त्यानंतर दुपारच्या उन्हात, पूर्ण लोडवर, मुख्य हेडरवर (हवेच्या मुख्य पाइपवर) दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, मोजून लेखी अहवाल द्या. दवबिंदू हवा त्यापेक्षा जास्त आला तर ड्रायर तुमच्या खर्चाने बदलून द्यावा लागेल. प्रेशर आम्ही पुन्हा साडेसहावर आणणार आहोत, तेव्हा तुमचा माणूस हजर असावा. तोवर राहिलेले दहा टक्के बिल मंजूर होणार नाही.

आपला,
व्यवस्थापक, देखभाल विभाग