पेन्सिलीने लिहिलेलं मराठी

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आयकराच्या अपिलाचा निकाल आपल्या बाजूने लागला त्या दिवशी फोनवर मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून हे पत्र.

नोटाबंदीत, डिसेंबर २०१६ मध्ये, मी बँकेत ६,८०,००० रुपये भरले. निफाड तालुक्यातल्या अडीच एकर द्राक्षबागेची ती तीन हंगामांची शिल्लक. ह्यांनी कोठीत जपून ठेवलेली. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून मी ते रिटर्नमध्ये दाखवलंच नव्हतं. ती चूक माझी, कबूल. पण म्हणून आयकर खात्याने कलम ६९अ, म्हणजे स्रोत न सांगितलेल्या पैशाचं कलम, लावायचं? शंभर रुपयांतले ७७ रुपये २५ पैसे सरकारजमा! सव्वापाच लाखांवर आकडा, व्याज वेगळं. तीस वर्षं पगारातून मुकाट कर कापून घेतलेली शिक्षिका मी, आणि पहिल्यांदाच चोर ठरले होते.

गंगापूर रोडच्या ज्या करसल्लागार साहेबांकडे आधी गेले, त्यांनी पंधरा हजार घेतले आणि उत्तराची मुदत निघून गेल्यावर म्हणाले, "मॅडम, भरून मोकळ्या व्हा." कागद उघडूनही पाहिले नव्हते. त्यांचा एसी मात्र छान होता.

मग कुणीतरी रविवार कारंजाजवळचा तुमचा जिना दाखवला. तुम्ही चष्मा पुसलात, आदेश समोर ओढलात आणि प्रत्येक इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीने मराठी लिहायला लागलात. मला इंग्रजी येतं हो, पण हे इंग्रजी येत नव्हतं. 'अनएक्सप्लेन्ड मनी' या शब्दांपाशी थांबलात आणि लिहिलंत: "चोरीचा नव्हे. हिशोब सांगायचा राहिलेला."

त्या रात्री कित्येक दिवसांनी मी नीट जेवले.

पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. सातबारे, पीकपाहणी, व्यापाऱ्यांच्या विक्रीपट्ट्या (एक तर देव्हाऱ्याच्या खणात अंगाऱ्याच्या पुडीला गुंडाळलेली सापडली), पहिलं अपील हरलो ते, आणि शेवटी पुण्याचं न्यायाधिकरण. वसुली थांबवायला मागितलेल्या कराचे वीस टक्के भरावे लागले, तेव्हा गहाण ठेवलेल्या बांगड्या परवा सोडवून आणल्या. हात अजून जड वाटतो.

काका, शाळेत मी पोरांच्या वह्यांवर लाल पेनाने किती शेरे मारले असतील! 'उत्तर अपूर्ण' असं लिहायचे आणि पुढच्या वहीकडे वळायचे. पोराला काय सांगायचं राहिलंय, ते विचारायला मी किती वेळा थांबले? तुम्ही थांबलात. तेही अशा बाईसाठी, जिची फी तुम्हाला कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

परवा तुम्ही म्हणालात, "आदेशाची मूळ प्रत आहे, आणा, पेन्सिल खोडून देतो." नाही आणणार.

फेब्रुवारीत बागेतली एक पेटी पाठवतेय. परत पाठवू नका. उद्या कुणी विचारलं तर हिशोब सांगता यावा, म्हणून वजनाची चिठ्ठी आत ठेवलीय.

तुमची,
दोन नंबरच्या खुर्चीवरची बाई