साचा, पाट आणि माझे बटण

डब्लिन, दि. ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

नागपंचमी होऊन गेली, म्हणजे आचऱ्याच्या आपल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, घराघरांतले पाट येऊन भिंतीला लागले असतील, आणि पाटांमागे खडूने नावे घालण्याचे माझे काम यंदाही दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडले असेल. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की एक बटण करायला आठ माणसे कशाला लागतात. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज सविस्तर लिहिते.

आमची कंपनी प्रवासाची तिकिटे विकते, संगणकावरच्या वेबसाइटवरून आणि फोनमधल्या अ‍ॅपवरूनही. मी रुजू झाले तेव्हा 'पैसे भरा' हे एकच बटण पाच ठिकाणी पाच तऱ्हांचे होते आणि निळ्या रंगाच्या छटा मोजल्या तर एकोणीस भरल्या. यात कोणाचा आळशीपणा नव्हता. वेबपानाचे रंगरूप ठरवणारी सीएसएस ही भाषा १९९६ साली प्रमाण म्हणून जाहीर झाली, ती मुळात लेख आणि कागदपत्रे दाखवण्यासाठी. तिच्यात एका ठिकाणी लिहिलेला नियम साऱ्या पानाला लागू होतो, त्यामुळे जुन्या नियमाला हात लावला की भलत्याच कोपऱ्यातले काहीतरी बिघडेल या धास्तीने प्रत्येक जण जुने तसेच ठेवून शेजारी आपले नवे लिहीत गेला.

यावर तोडगा म्हणून आम्ही घटक करतो, म्हणजे तुमच्या भाषेत साचे. बटणाची रचना, त्याचे वागणे आणि त्याचे रंगरूप एकाच जागी लिहायचे आणि जिथे बटण लागेल तिथे तोच साचा वापरायचा. आम्ही यासाठी स्टाइल्ड-कम्पोनंट्स नावाचे साधन वापरतो. मॅक्स स्टोइबर आणि ग्लेन मॅडर्न यांनी ते २०१६ साली आणले. प्रत्येक घटकाच्या रंगरूपाला ते आपोआप एक स्वतंत्र नाव देते, म्हणून एकाचा रंग दुसऱ्याला लागत नाही. फोनच्या अ‍ॅपसाठी आम्ही रिअ‍ॅक्ट नेटिव्ह नावाचे वेगळे साधन वापरतो. तिथे सीएसएस नसतेच, तरी स्टाइल्ड-कम्पोनंट्स जवळपास त्याच लिखाणातून तिथे चालेल असे रूप तयार करते. जवळपास एवढ्यासाठी म्हटले, की संगणकावर बाण बटणावर नुसता नेला तरी रंग बदलता येतो आणि फोनवर बोट हवेत तरंगत असताना त्याला काही कळत नाही. शिवाय वेबवर ओळीत मांडलेल्या गोष्टी फोनवर मुद्दाम सांगितले नाही तर एकाखाली एक उभ्या राहतात. मूर्ती एकाच साच्यातली असली तरी पाट ज्याचा त्याचा असतो, तसे हे आहे.

साचा करणे सोपे आहे, बाबा. साच्यात काय धरायचे आणि काय हातावर सोडायचे, हे ठरवण्यातच आठ माणसांचे दिवस जातात. तुम्ही बैठक आणि पोट साच्यात काढता, हात वेगळे करून जोडता आणि डोळ्यांची आखणी तर कोणालाच करू देत नाही. मला हे लहानपणापासून दिसत असूनही माझे पहिले बटण मी नेमके उलटे केले. कोणी म्हणाले चित्र हवे, मी सोय केली. कोणी म्हणाले गोल हवे, तीही केली. असे करता करता त्या एका बटणाला सतरा पर्याय झाले आणि ते कसे वापरायचे हे माझे मलाच उघडून पाहावे लागू लागले. शेवटी ते बाजूला ठेवून नवे केले. आता मूळ बटण अगदी साधे आहे, आणि चित्र किंवा 'थांबा, काम चालू आहे' असे दाखवणारे फिरते चक्र हवे असेल तर तो वेगळा छोटा घटक त्याच्या पोटात ठेवायचा.

दुसरी चूक उंचीची. मी बटणाची उंची ४० पिक्सेल पक्की धरली होती. कंपनी जर्मन भाषेत उतरणार होती, म्हणून लांबलचक जर्मन शब्द घालून पाहत असताना हौसेने मी 'पूर्ण करा' असे मराठीत लिहिले, आणि फोनची अक्षरे मोठी केल्यावर वरचा रफार आणि खालचा ऊकार दोन्ही कापले गेले. इंग्रजीत हे कधी दिसलेच नव्हते. आता उंची पक्की न धरता किमान उंची आणि आतली मोकळी जागा एवढेच ठरवले आहे. मजकूर वाढला की बटणही वाढते. किमान किती, तर बोट नीट पडावे म्हणून आयफोनसाठी ४४ आणि अँड्रॉइडसाठी ४८ एकके, अशी त्या त्या कंपन्यांचीच शिफारस आहे.

रंगांच्या बाबतीत मी आईचे ऐकले असते तर बरे झाले असते. ती डब्यांवर 'पिवळा' न लिहिता 'पीतांबर', 'मुकुट' असे लिहिते. आम्हीही आता रंगाला 'निळा' म्हणत नाही, 'मुख्य कृती', 'इशारा', 'पार्श्वभूमी' अशी कामाची नावे देतो आणि त्या नावांची यादी घटकांच्या बाहेर एका जागी ठेवतो. रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी करायची ठरली तेव्हा फक्त दुसरी यादी लिहावी लागली, साच्यांना हात लावावा लागला नाही. तपासावे लागले ते एवढेच, की अक्षरे आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ पट आहे ना, कारण साध्या मजकुरासाठी तसा नियम आहे. यंदा मार्चमध्ये स्टाइल्ड-कम्पोनंट्स सांभाळणाऱ्यांनी आता त्यात फक्त देखभाल होईल असे जाहीर केले, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस घबराट होती. पण रंगांची आणि अंतरांची यादी त्या साधनात अडकलेली नसल्यामुळे उद्या साधन बदलले तरी ती हाताशी राहील.

आता माझा एक प्रश्न. ते जुने सतरा पर्यायांचे बटण अजून तीन पानांवर वापरात आहे आणि दिवाळीपर्यंत ते काढायचे की ठेवायचे, हे मला सांगायचे आहे. माळ्यावर तुमचेही जुने साचे आहेत, आणि 'गेल्या वर्षीसारखाच द्या' म्हणणारी घरे आहेत. एखादा साचा कायमचा खाली उतरवायचा हे तुम्ही कशावरून ठरवता, आणि त्या घरांना आधी कळवता की पाट घेऊन आल्यावरच सांगता? सवडीने कळवा.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे,

तुमची,
धाकटी