पत्र्याच्या होडीची गोष्ट

कुर्ला, मुंबई

प्रिय बाळ्या,

'तू अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या बनव, मी भिगवणला विकतो' हे तुझं वाक्य वाचून आमच्या घरात हशा पिकला. मी मात्र तेव्हापासून त्याच नादात आहे. दिवसभर गाळ्यात एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट ठोकायचे आणि रात्री जेवण झालं की मोबाईलवर अमेरिकेतल्या होडीवाल्यांचा इतिहास वाचायचा. त्यात मला सगळ्यात जास्त भावला तो हॉवर्ड लुंड.

हा मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्सचा. नाव न्यूयॉर्क, पण वस्ती आजही जेमतेम बाराशे-तेराशे. फिनलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव, आजूबाजूला तळीच तळी. लुंडने गॅरेजमध्ये स्वतःच्या शिकारीसाठी आणि मासेमारीसाठी एक होडी केली, ती बघून लोक मागायला लागले आणि 1948 साली धंदा उभा राहिला. बाजारपेठेचा अभ्यास वगैरे काही नाही, आधी होडी आणि मग गिऱ्हाईक. आपल्याकडे उलटं चालतं, आधी उद्घाटनाचा नारळ.

वेळही बरोबर साधली होती त्याने. महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम बहुतेक सगळं विमानांना जायचं. युद्ध संपलं, विमानांच्या ऑर्डरी आटल्या, आणि धातू, यंत्रं, पत्रा ठोकणारे हात, सगळंच मोकळं झालं. लढाऊ विमानं बनवणारी ग्रमन कंपनीसुद्धा वल्ह्याने चालवायच्या छोट्या, निमुळत्या कनू होड्यांकडे वळली. त्यांचा एक अधिकारी, विल्यम हॉफमन, 1944 साली डोंगरात लाकडाची जड कनू खांद्यावर वाहून वैतागला होता, तिथून ती कल्पना निघाली म्हणतात. साच्यावर पत्रा ताणून दोन अर्ध्या बाजू काढायच्या आणि खाली मधोमध रिवेटने, म्हणजे दोन्ही बाजूंनी चेपलेल्या खिळ्यांनी, जोडायच्या. विस्कॉन्सिनची मिर्रो तर मूळची भांडीवाली! पातेली करणाऱ्यांनी होड्या केल्या, मग डक्टवाल्याला काय हरकत आहे?

आता जरा माझ्या प्रांतातलं. आपण नेहमी वापरतो तो पॉप रिवेट इथे चालत नाही. तो मधून पोकळ असतो, पाणी झिरपतं. भरीव रिवेटच हवा. एकाने बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा जरा तिरका झाला की रिवेटचं डोकं एका बाजूला कलतं आणि सांध्यात फट राहते. मी भंगारातल्या तुकड्यावर करून बघितलं. पोरगा ठोकळा धरतो खरा, पण लक्ष फोनमध्ये. वेल्डिंग करावं तर सांधा मजबूत होतो, पण उष्णतेने आजूबाजूचा पत्रा मऊ पडतो. शिवाय पातळ पत्र्याला भोक पडायची भीती, ती वेगळीच. आणि एक विसरू नकोस: लाकडाची होडी पाणी भरलं तरी सहसा तळाला जात नाही, पत्र्याची सरळ बुडते. म्हणून ते लोक बाकांखाली फोम भरतात. तुझ्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं. फोमचे पैसे वाचवणाऱ्याला होडी द्यायचीच नाही.

ससून डॉकवर एका ओळखीच्या नाखव्याशी बोललो. त्याला काही ही कल्पना पटली नाही आणि त्याचं खरंच आहे. खारं पाणी, पितळेचा पंखा, होडीच्या तळाला लावायचा तांबं मिसळलेला रंग, हे सगळं अ‍ॅल्युमिनियमला लागून आलं की धातू खात जातं. मॅग्नेशियम मिसळलेला 5083 सारखा पत्रा घ्या, पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे बसवा, मग टिकेल. पण इतकं करण्यापेक्षा फायबरची बोट त्याला परवडते. भिगवणजवळच्या उजनी धरणाचं पाणी मात्र गोडं. लुंडची तळीही गोडीच होती. म्हणून मला तुझं म्हणणं पटतंय, मुंबईसाठी नव्हे, भिगवणसाठी.

पुढे लुंडची कंपनी मोठ्या हातात गेली. 2004 पासून ती ब्रुन्सविककडे आहे, तेच, एकेकाळचे बोलिंग आणि बिलियर्डवाले. पण कारखाना अजून त्या चिमुकल्या गावातच आहे. मालक बदलला तरी गावाचं काम गेलं नाही, मला तरी हीच गोष्ट मोठी वाटते.

तर आता तू एवढंच कर. धरणावर जे जाळी टाकतात त्यांना विचार, होडीत किती माणसं, किती जाळं, किती मासळी असते. तळ सपाट हवा की थोडा निमुळता, तेही विचार. मापं पाठव, मग कागदावर आखतो. पत्र्याचा आजचा भाव ऐकून तुझा उत्साह ओसरला तर तेही मोकळेपणाने कळव.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझा,
अन्या