स्टुलावर बसणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि "ते राहू दे, रेडिओवर नॉइज किती आहे आता?" असं विचारता. म्हणून फोनवर न बोलता सरळ चारचौघांत लिहितेय. ज्यांनी मला तुमच्याआधी 'मदत' केली, त्यांच्या नजरेस हे पडलं तरी माझी हरकत नाही.

त्यांच्यापासूनच सुरू करते. जो कुणी माझं हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने हवेतून लोकांशी बोलायचं, स्टेशन बघायला आला, तो आधी खुर्चीत बसला. माझ्या शॅकमधल्या, म्हणजे रेडिओच्या खोलीतल्या, माझ्या खुर्चीत. डायल फिरवून दोन स्टेशनं पकडून दाखवायची आणि मग सगळं समजावून सांगायचं ते माझ्या भावाला. त्या बिचाऱ्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, तो नुसता मान डोलवायचा. परवाना माझा, कॉलसाइन (हवेतली ओळख) माझा, पैसे माझे. अँटेना बसवणाऱ्याने मीटर दाखवला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) १.२, काम फत्ते. मग मी हाका मारते तर कुणाचंच उत्तर का येत नाही? तर म्हणे वॅट कमी पडतात, अँप्लिफायर घ्या.

तुम्ही आलात, खुर्चीकडे एकदा पाहिलंत आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलंत. "तू बस. स्टेशन तुझं आहे."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्या रेडिओच्या एकाही बटणाला हात लावला नाहीत. हात पुढे यायचा, अर्ध्यावर थांबायचा, आणि मग तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचात. मला ते दिसत होतं, काका. आयुष्यभर ज्याने व्हीएफओ (स्टेशन जुळवायची चकती) फिरवला, त्याची बोटं किती शिवशिवत असतील! बाकी जे केलंत ते खूप आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते पाठीमागे बांधलेले हात.

"ऐकू काय येतंय? गुरगुर की खरखर?" हा तुमचा पहिला प्रश्न. मला ते शब्दांत सांगायला लावलंत, मग रेडिओ बॅटरीवर घ्यायला सांगून घराचा मेन स्विच बंद करायला लावलात. सिग्नलची ताकद दाखवणारा, एस-नऊवर चिकटलेला काटा एस-तीनवर उतरला आणि चाळीस मीटरच्या बँडवर एकदम माणसं बोलू लागली. ती आधीपासून तिथेच होती. मला उत्तरं येत होती, माझ्याच घरातला एक चार्जर ती आपल्या नॉइजमध्ये बुडवत होता. याच्यावर अँप्लिफायर हा इलाज! वॅट दुप्पट केले तर समोरच्याचा काटा जेमतेम अर्धं घर चढतो, आणि माझ्या ऐकण्यात तर काडीचाही फरक पडत नाही.

त्या १.२ चंही बिंग त्याच दिवशी फुटलं. प्लग कापला तर आतली जाळी काळी पडलेली, अँटेनाच्या कोएक्स केबलमध्ये पाणी शिरलेलं. अशी केबल जातानाची शक्ती खाते आणि परत येणारीही खाते, म्हणून मीटर गोड बोलतो. "डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी जोडून शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या डब्याचा, एसडब्ल्यूआर तर १ असतो. बघ त्याच्यावरून कुणाशी बोलता येतं का," एवढंच म्हणालात. ज्याने ती बसवली त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मी काढतेय, ते माझ्या खात्यावर मांडा.

गाडीचंही तेच. १०० वॅटचा रेडिओ बोलताना २० अँपिअरच्या पुढे ओढतो, आणि विकणाऱ्याने तो लायटरच्या सॉकेटला जोडून दिला होता. जरा मोठ्याने बोललं की रेडिओ बंद. बॅटरीपासून जाड वायर मीच ओढली. तुम्ही बॉनेटपाशी वाकून टॉर्च धरून उभे होतात. फ्यूज बॅटरीला अगदी खेटून का लावायचा, ते तेव्हा डोक्यात शिरलं. मधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तीच पेट घेते, रेडिओजवळचा फ्यूज तिला वाचवू शकत नाही.

पोर्टेबलच्या, म्हणजे पिशवीतून बाहेर न्यायच्या सेटच्या वेळी तर तुम्ही काही घ्यायलाच लावलं नाहीत, उलट पिशवीतून वस्तू काढायला लावल्यात. पाच वॅटचा रेडिओ, छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, वीस मीटर बँडसाठी मापून कापलेली दहाएक मीटर तार आणि फायबरची काठी. १०० वरून ५ वॅटवर आलं तर समोरच्याचा काटा दोन घरांहून थोडाच जास्त उतरतो, हा हिशेब तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात. तेव्हापासून मी वॅटांची भीक मागत नाही.

मला एक कोडं सुटत नाही. आपण हॅम लोक हाक मारण्याआधी "ही फ्रीक्वेन्सी कुणी वापरतंय का?" असं विचारतो. कुणी "हो" म्हणालं तर मुकाट बाजूला सरकतो. समोरचा कोण, कुठला, बाई की पुरुष, काही माहीत नसतं, तरी विचारतो. हवेत एवढी रीत पाळणारी माणसं दुसऱ्याच्या शॅकमध्ये शिरताना ती दाराबाहेर का ठेवतात? ज्ञानी माणसं मला खूप भेटली. पण आपलं ज्ञान दुसऱ्याच्या हातून उतरेपर्यंत धीर धरणारी किती? चूक दिसत असताना, आपल्याला ती क्षणात दुरुस्त करता येत असताना, गप्प बसून वाट बघायची, याला मी सभ्यपणा म्हणते. आणि तो फार कमी लोकांकडे असतो.

असो. तुम्ही एव्हाना चुळबुळ करत असाल, तेव्हा कामाचं बोलते. गाडीत रिसीव्हरमध्ये एक शिट्टी येते आणि इंजिनाचा वेग वाढला की तिचा सूरही चढतो. अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, संशय आहे. पॉवरच्या वायरला फेराइट (नॉइज अडवणारा मणी) लावून पाहिला, फरक पडला नाही. रविवारी सकाळी चाळीस मीटरवर या आणि पुढे काय बघू ते सांगा. फक्त सांगा, करीन मीच.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा),
तुमची शिष्या