आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मनगटावरचं यंत्र नेलंत, निदान नोंदी तरी द्या

मा. आरोग्यमंत्री यांस,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मी पडलो आणि खांद्याचं हाड मोडलं. उंबरा आला की पाय जमिनीला खिळतात, धड मात्र पुढे जातं. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याला सांगतोय, कारण या पडण्यात आपल्या खात्याचा वाटा आहे. महिन्याभरापूर्वीच खात्याचा निरोप आला होता: प्रायोगिक टप्पा संपला, हालचाली नोंदवणारं मनगटावरचं यंत्र आठवड्यात जमा करावं. पार्किन्सन दिनाच्या कार्यक्रमात, ११ एप्रिलला, आपणच व्यासपीठावरून शब्द दिला होता की हे यंत्र प्रत्येक रुग्णाला मिळेल. मी समोरच बसलो होतो.

हे पत्र सुनेला सांगून लिहून घेतोय. माझं स्वतःचं अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होतं.

डॉक्टरांना मी दिसतो काही महिन्यांतून एकदा, दहा मिनिटं. घराबाहेर पडायचं म्हणून लेवोडोपाची, म्हणजे हालचाल मोकळी करणारी, गोळी घेऊनच निघालेलो असतो. मूठ उघडा-मिटा, बोटं जुळवा, चार पावलं चाला. मी चालून दाखवतो. ‘छान, हेच चालू ठेवा.’ पहाटे तीनला मला कुशीवर वळता येत नाही, ही उठून मला लोटून वळवते, ते कोणाच्या कागदावर येतं? डायरी ठेवा म्हणतात, दर अर्ध्या तासाची. ज्याच्या हातात पेन ठरत नाही त्याने डायरी ठेवायची!

यंत्र घड्याळासारखंच होतं. हाताची प्रत्येक हालचाल त्यातले सेन्सर टिपायचे. स्वस्थ बसल्यावर सेकंदाला ४ ते ६ वेळा होणारी थरथर, हालचालीतला मंदपणा, आणि औषध जास्त झालं की अंगाची आपोआप होणारी वळवळ, हे सगळं त्याला निरनिराळं ओळखता यायचं. गोळीची वेळ झाली की मनगटावर व्हायब्रेट व्हायचं, गोळी घेतली की मी अंगठ्याने खूण करायचो. पहिला आलेख आला तेव्हा डॉक्टरांना दिसलं की दुपारच्या गोळीचा असर पुढच्या गोळीच्या बराच आधी उतरतोय. औषध त्यांनी वाढवलं नाही. तेवढंच औषध लहान भागांत, जवळजवळच्या वेळांना दिलं. त्या आठवड्यात शर्टाची बटणं मी माझी मी लावली, अगदी गळ्याजवळचंसुद्धा.

हा आजार एका जागी थांबत नाही, म्हणून औषधाच्या वेळाही सरकवत राहाव्या लागतात. यंत्र गेलं आणि आम्ही पुन्हा अंदाजपंचे गोळ्या घेऊ लागलो. संध्याकाळ बिघडत चालली होती, कुणाला कळलं नाही, आणि मी पडलो.

तुमचे अधिकारी फोनवर म्हणतात, पुरावा पुरेसा नाही. साहेब, ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत काय वापरावं हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये अशा ५ उपकरणांच्या वापराला संमती दिली, आणखी पुरावा गोळा करत राहा असं सांगून. त्याच वर्षी एक लाखाहून जास्त लोकांच्या मनगटावरच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की निदानाच्या कित्येक वर्षं आधीच हालचाल मंदावलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन होता, २५ वर्षांत दुप्पट! अजून किती माणसं पडल्यावर तुमचा पुरावा पुरा होणार आहे?

यंत्राला सगळं कळतं असं मी म्हणत नाही. गिळताना लागणारा ठसका त्याला दिसत नाही, मनाची उदासी दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर हवेतच. पण आलेख वाचायला तुम्ही एकही माणूस नेमला नाहीत. आमचे डॉक्टर ते ओपीडी आटोपल्यावर, स्वतःच्या वेळात वाचायचे. उद्घाटनाला पैसा असतो, योजना चालवायला नसतो, हे आम्ही प्रत्येक खात्यात पाहत आलोय.

आणि हे फक्त तुमच्या खात्याचंही नाही. अपंगत्वाच्या दाखल्याला गेलो, तर ‘चालताय की व्यवस्थित’ म्हणून परत पाठवलं, कारण तेव्हा गोळीचा असर होता. बँकेत सही जुळत नाही म्हणून माझेच पैसे मला मिळाले नाहीत, कारण तेव्हा असर उतरला होता. टेबलापलीकडचा माणूस समोर उभा असेल तेवढाच खरा, अशी ही सगळी व्यवस्था आहे. बाकीचे तेवीस तास आम्ही कुणाच्या हिशेबात नसतो. त्या तासांची साक्ष देणारी एकच वस्तू आमच्याकडे होती, तीही तुम्ही काढून नेलीत.

ज्यांच्याकडून यंत्रं परत घेतली त्यांना ती द्या, आणि आलेख वाचायला प्रशिक्षित परिचारिका नेमा. तेही जमत नसेल तर माझ्या हाताच्या रात्रंदिवसाच्या नोंदी माझ्या डॉक्टरांकडे पाठवा. त्या आज कोणाकडे आहेत, कोण वापरतंय, हे विचारलं तर तुमच्या कार्यालयात प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो. त्या माझ्या शरीराच्या नोंदी आहेत. मला त्या हव्या आहेत, आणि लेखी उत्तर हवं आहे.

आपला,
कंपवाताचा एक रुग्ण