आयर्विन पुलाला पाणी ३५ फूट झालं की निघायचं

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला गेले, पण आईने "जेवलीस का?" विचारलं की पुढचं तोंडातून फुटेना. म्हणून लिहिते. मी नोकरी सोडली आहे. रुरकीच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला प्रवेश घेतलाय, फीही भरली. तुम्हाला न विचारता ठरवलं, याची बोचणी रोज लागते.

बाबा, तुम्ही म्हणाल, चार वर्षं स्लॅब-बीमची डिझाइनं केलीस, पगार बरा, आता पुन्हा वह्या कशाला? कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा जो तो उंचीचंच बोलत होता. ओसरल्यावर आपल्या आडात काय उतरलंय, याचं उत्तर घरात एकटी सिव्हिलवाली मी, मला देता आलं नाही. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकायला आलेल्या मुलाने नंतर बाटलीतल्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायचे, थेंब टाकले आणि आपण चौघं पिवळा रंग येतोय का बघत उभे होतो. आला नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंच नव्हतं. तेव्हाचा आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आई, खरं तर हा विषय तूच सुरू केलास. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायचीस आणि मी चुलीजवळ बसून वेढे मोजायचे. गाळाचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाणी गढूळ राहतं. तुरटीने ते एकत्र येऊन जड होतात आणि तळाला बसतात. प्रयोगशाळेत यालाच जार टेस्ट म्हणतात. ओळीने भांडी, प्रत्येकात तुरटीचं माप वेगळं, आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. "आता हळू गं, फुटेल ते," असं तू म्हणायचीस ना, तेच.

आणि बाबा, तुमचा जन्म पाटबंधाऱ्यात गेला, म्हणून सांगते. रुरकीचं कॉलेज १८४७ ला निघालं तेच गंगा कालव्याला इंजिनिअर हवेत म्हणून. तिथे सोलानी नदीच्या डोक्यावरून अख्खा कालवा नेलाय. तुम्हाला दाखवणार, नक्की.

माझी काळजी नको. होस्टेल आहे, मेस आहे, महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. थंडीसाठी आजीची गोधडी नेते. काकांनी आणलेल्या स्थळाला नाही म्हटलेलं नाही, दोनच वर्षं मागतेय.

भर पावसाळ्यात तुम्हाला गावभागात सोडून जाते, हे मात्र जिवाला लागतं. म्हणून नीट ऐका. इशारा ४० फुटांचा असला तरी आपण थांबायचं नाही. ३५ झाले की मिरजेला मावशीकडे. त्या वर्षीसारखं माळ्यावर बसून राहायचं नाही, बाबा. बीपीच्या गोळ्या आणि घराची कागदपत्रं आत्ताच निळ्या पिशवीत भरून ठेवा. आई, पाणी उकळूनच पी, गुडघ्याचं तेल रोज लाव. रात्री नऊला फोन करीन, उचला.

रविवारी घरी येते, रागवायचं ते तेव्हा रागवा. गुरुवारी मिरजेहून गोवा एक्सप्रेस आहे. बाबा, स्टेशनवर येऊ नका, जिना चढावा लागतो. बरं, या. पण रिक्षाने.

तुमची,
मनू