पुढचा टायर, मागचं दुखणं

एम्स, आयोवा
३ ऑगस्ट

बाळ्या,

दीड वर्ष झालं, तुझ्या दोन मेसेजना उत्तर दिलं नाही. रागावला असशील, रागाव. शुगर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलोय ते एका टायरपायी, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इथून जवळ बूनला मातीचा ओव्हल ट्रॅक आहे, एक तृतीयांश मैलाचा. शेजारचा पोरगा, १९ वर्षांचा, तिथं मॉडिफाइड पळवतो, म्हणजे मातीवरच्या शर्यतीची गाडी. त्याच्या चाकांचं मी बघतो. सगळी वळणं डावीकडंच. सुन्या म्हणेल, नुसतं गोल फिरायला एवढा खटाटोप? त्याला सांग, तू पण वीस वर्षं स्टँडला चकरा मारतोसच की.

तर गाडी उजवा पुढचा टायर खायला लागली. बाहेरची कड साफ, आतली नक्षी नव्यासारखी. मी म्हटलं, कॅम्बर कमी पडतोय. चाक वरून आणखी आत झुकवलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. परत झुकवलं. तीन टायर गेले रे, आणि पोरगा घरोघर पिझ्झा पोचवून टायर घेतो. तिसऱ्या रात्री गाडी वळेचना. स्टिअरिंग पुरतं डावीकडं, तरी ती भिंतीकडंच. दरवाजा घासून आला. उतरला आणि मलाच म्हणाला, "माझंच चुकलं, वळायला उशीर केला."

रात्री टायरवर हात फिरवला, तू फिरवायचास तसा, डोळे मिटून. बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर नेला की करवतीचे दात. म्हणजे चाक बाहेर फरफटत होतं. त्याला मागून कुणीतरी ढकलत होतं. आणि एकदम तात्यांची ट्रॅक्स गाडी आठवली.

मी दोनदा पुढचं अलाइनमेंट करायला लावलं होतं, आणि तू सुतळी ताणून मागचा एक्सल सरकलेला दाखवलास. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला. "हा मीच नीट आवळला नव्हता," म्हणालास, चार माणसांत. मला मात्र एवढंच ऐकू आलं की मी चुकलो. सहा महिने गॅरेजची पायरी चढलो नाही. तू तरीही माझ्या लग्नात पंगतीला वाढत होतास.

मी मागं टेप लावली. ह्या गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकत्र जखडलेली असतात, वळणात चाकांना कमीजास्त फिरू देणाऱ्या डिफरन्शियलची सूट नाही. खळ्यावरची पात आठव. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, कडेचा धावतो. म्हणून उजवा टायर घेरानं मोठा लागतो, आम्हाला साधारण दोन इंचांनी. फरक भरला पाऊण इंच! मग मागची चाकं गाडी सरळच रेटणार, आणि त्याचा सगळा मार पुढच्या उजव्याला. मी ते पुढचं चाक झुकवत बसलो.

डावा मागचा पंक्चर झाला तेव्हा ढिगातला दुसरा चढवला होता. त्यावर खडूनं घेर लिहिलेला, मागच्या सीझनचा. हवा भरून, तापून टायर फुगतो हे मला माहीत नाही का? तरी टेप लावली नाही, खडूवर विश्वास ठेवला. अक्षर माझंच होतं.

परवा मापून टायर लावला, कॅम्बर मूळ जागी आणला. गाडी वळली, कड टिकली. पोरगं धावत आलं आणि मला मिठी मारली. तेव्हापासून झोप नाही. भिंतीला ती जरा जोरात लागली असती तर? आणि तो अजून स्वतःलाच बोल लावतोय.

शनिवारी सांगणार आहे. तीन टायरचे पैसे काढून ठेवलेत. त्याच्या आईसमोर सांगू की एकट्याला गाठून? तात्यांसमोर ते वाक्य तुझ्या तोंडून निघालं कसं, ते मला लिही. शनिवारच्या आत लिही.

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीची बारावी झाली असेल. तात्यांना नमस्कार सांग.

तुझा,
आप्पा